सोपात बांधलेलं पुस्तक

आमच्या गावचं वाचनालय मे महिनाभर बंद असायचं. तिथल्या बाई एकट्याच सगळं बघायच्या, आनि सुट्टी लागली की त्या माहेरी कोकनात जायच्या, त्या पार पाऊस तोंडावर आला की परत. म्हनून जायच्या आदल्या दिवशी त्या एका कार्डावर एकाऐवजी चार पुस्तकं द्यायच्या. चारच. महिनाभर तीच चार. आवडली तरी तीच, नाय आवडली तरी तीच. माझ्या आयुष्यात मला निवडायला असं फार काय मिळालं नाय. परकर-पोलकं आई आनायची, शाळा चौथीत सुटली ती मला इचारून सुटली नाय, नवरा मामानं बघितला. पन ती चार पुस्तकं मीच निवडायची, आनि निवडायला मी वाटभर पळत जायची ते आजपन आठवतं.

हे सगळं वर आलं ते सईमुळं. सई माझी नात, विरारला राहते, कॉलेजात जाते. परवा रविवारी आली, ओटीवर मांडी घालून बसली आनि बोलली, "आजी, सुट्टीत वाचायला कादंबऱ्या निवडायच्यात. फक्त बायकांनी लिहिलेल्या हां. आमचा ग्रुप आहे, सगळ्याजणी तेच वाचणार. कसलं भारी ना?" मला हसू आलं. तिला वाटलं मी तिलाच हसली. मी बोलली, "अगो, ही युक्ती तुमच्या ग्रुपची नाय. ही रखमाकाकीची." मंग तिनं बॅगेतली कोरी वही काढून माझ्या मांडीवर ठेवली आनि बोलली, लिही. तर लिवते. माझं लिवनं मी बोलते तसंच हाय, ते तसंच घ्या.

घरात आमी तिघी. आई, काकी आनि मी. बा मी आठ वर्षांची असताना तापानं गेला. त्यानं दोन उन्हाळे खपून वाडीत विहीर खनली होती. तो खाली खनायचा आनि काकी वर माती ओढायची, कारन आई तेव्हा बाळंतीन होती. ते बाळ राहिलं नाय, विहीर राहिली. आमच्याकडं खाडी जवळ, त्यामुळं चैत लागला की आजूबाजूच्या विहिरींचं पानी मचूळ व्हायचं, जिभेवर खारं लागायचं. आमचं गोड राहायचं. दुपारी बाया हंडे घेऊन यायच्या आनि पानी ओढताना बाचं नाव काढायच्या. दुसरं म्हनजे बाचं वाचनालयाचं कार्ड. त्याला पेपर वाचायचा नाद होता. तो गेल्यावर बाईंनी त्याचं नाव खोडलं नाय. मी मोठ्या परकरात पाय अडकत त्यांच्याकडं गेली तेव्हा त्यांनी कार्ड काढून बघितलं, परत ठेवलं आनि बोलल्या, "वडिलांच्या नावावर तू ने." बस, तेवढंच.

रखमाकाकी म्हनजे बाच्या धाकट्या भावाची बायको. काका मुंबईला गिरनीत लागला आनि लगीन झाल्यावर तिसऱ्या वर्षी त्यानं तिकडं दुसरं घर केलं. गनपतीला एकदा यायचा, पुढं तेपन बंद झालं. काकीनं त्याच्याबद्दल कधी तोंड उघडलं नाय. तशी ती बोलायचीच कमी. तिचे हात बोलायचे. केळं सोलायला घेतलं की साल तीन ओढीत खाली, केळ्याला नखाचा ओरखडा नाय. सकाळी माझ्या डोक्याला तेल तीच लावायची, आनि भाकरीचा पापुद्रा निघाला की तो आधी माझ्या ताटलीत टाकायची. आईचा जीव नव्हता असं नाय, पन आईला सगळ्या घराचा जीव सांभाळायचा होता, त्यात मी एकटी कुठं दिसनार.

मे महिना म्हनजे आमच्या सुकेळ्यांचे शेवटचे दिवस. पावसाच्या आत जेवढी सुकतील तेवढी सुकवायची. ज्यांनी सुकेळी खाल्ली नाय त्यांच्यासाठी सांगते. राजेळी जातीची मोठी केळी पिकवायची, सोलायची आनि उन्हात बांबूच्या ताटीवर ओळीनं मांडायची. सात-आठ दिवस. दिवसातनं दोनदा हातानं परतायची, संध्याकाळी गोळा करून झाकायची, सकाळी परत मांडायची. केळं रोज थोडं बसतं, थोडं काळवंडतं, शेवटी मधासारखं तांबूस नि चिकट होतं. मंग केळीच्या खोडाचं सुकं साल, त्याला आमी सोप बोलतो, त्यात धा-बारा केळी गच्च गुंडाळायची आनि सोपाच्याच दोरीनं बांधायची. वीतभर लांब, विटेसारखं पुडकं होतं. ह्या पुडक्याचा आकार ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

माझं काम कावळे हाकायचं. हातात काठी घेऊन सकाळपासनं ऊन उतरेपर्यंत ताट्यांपाशी बसायचं. आई नि काकी मांडवाच्या सावलीत सोलत असायच्या, आनि कुंपनापलीकडची फिलूमावशी आपलं घरकाम आटपून मदतीला यायची. फिलूमावशी ख्रिश्चन, रविवारी मिस्साला जाताना काय टापटीप, आनि सोमवारी आमच्या मांडवात आली की तिच्या तोंडाला कुंपन नाय. तिचा नवरा इनासकाका दर शुक्रवारी पहाटे टेंपोनं गावचा माल मुंबईला न्यायचा, त्यात आमच्या सुकेळ्यांच्या टोपल्या असायच्या. पुस्तकं मोठ्यानं वाचायची कल्पना मावशीचीच. "यमे, नुसती काठी धरून बसतेस, तोंड चालव. कावळ्यांना बी कळू दे तुला वाचता येतं." मी वाचायची ते अडखळत. जोडाक्षर आलं की बैल गाळात रुतावा तशी रुतायची. पन त्या तिघींना घाई नव्हती. उलट मी अडली की त्या पुढं काय असंल ते आपसात ठरवून मोकळ्या व्हायच्या.

पहिल्या वर्षी मी पुस्तकं निवडली ती जाडी बघून, कारन आई बोलली होती, "जाड आन, महिना पुरला पायजे." चारही पुरुषांनी लिवलेली निघाली. मला त्याचं काय, मी कुठं नावं बघत होती. पन पहिल्यात बाई विहिरीत गेली, दुसऱ्यात क्षयानं गेली, तिसऱ्यात नवऱ्याच्या पाया पडून हसत हसत गेली. फिलूमावशीनं सोललेलं केळं हातात तसंच धरलं नि बोलली, "देवा जेजू, ही बी मेली? ह्या लोकांच्या गावात बायांना औषधपानी मिळत नाय का?" चौथ्या पुस्तकात बाई मेली नाय, पन तिच्या घरी पाव्हने आले आनि तिनं पटकन पुरनपोळ्या केल्या. मी वाचून पुढं गेली तर आईनं हात वर केला. "थांब. परत वाच." मी परत वाचलं. "पटकन?" आई बोलली. "डाळ कोनी शिजवली? पुरन कोनी वाटलं?" मावशी बोलली, "ह्यानं जन्मात चूल बघितली नाय, नुसतं ताट बघितलंय." त्या हसन्यात कावळ्यांनी एक अख्खी ओळ पळवली. आनि सगळं शांत झाल्यावर काकी, मान वर न करता, बोलली, "बाईनं लिवलेली मिळत नाय का?"

वर्षभर ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

पुढच्या वर्षी चैत सरता सरता काकाचा निरोप आला. त्याचं तिकडचं मानूस बाळंतपनात गेलं होतं, पाच वर्षांची एक पोर मागं होती. पोरीला बघायला घरात कोन नाय, तर वैशाखाच्या पुनवेनंतर रखमाला न्यायला येतो, तयारीत राहा. गावातल्या बाया पान्याला आल्या की काकीला बोलायच्या, "नशीब काढलंस गो रखमे, शेवटी घरधन्याला आठवन झाली." काकी हंडा त्यांच्या डोक्यावर उचलून द्यायची. एके दिवशी तिनं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, पुसली आनि उघडून उन्हात ठेवली. मी ती ट्रंक बघितली नि तशीच आत पळाली. आईला इचारलं, "काकी जानार?" आई बोलली, "तिचं घर हाय ते. आपन कोन इचारनार?" पन त्या दिवशी आईनं आमटीत दोनदा मीठ घातलं.

तशात सुट्टी आली आनि मी कार्ड घेऊन वाचनालयात गेली. बाईंना सांगितलं, ह्या वेळी चारही बायकांनी लिवलेली पायजेत. बाईंनी चष्मा खाली केला. "का गं?"

"काकी बोलली."

बाई उठून मला खिडकीखालच्या फळीपाशी घेऊन गेल्या. बाकी कपाटं छताला लागलेली, आनि बायकांची ती एकच फळी, तीपन सगळ्यात खालची. आठ-नऊ पुस्तकं होती. "एवढीच," बाई बोलल्या, आनि त्यांना त्याची लाज वाटल्यासारखं झालं. "आणि मीसुद्धा सगळी वाचली नाहीत बरं का." मी खाली फतकल मारली. मला घरनं तिघींच्या अटी होत्या. काकीची सांगून झाली होती. आईची अट, जाड पायजे. मावशीची अट, बाई मरायला नको. ती मी बाईंना सरळ इचारली, "ह्यात बाई मरते का?" बाई एवढ्या हसल्या की त्यांच्या डोळ्याला पानी आलं. मंग त्यांनी दोन पुस्तकं उचलून मुकाट्यानं बाजूला ठेवली. उरलेल्यांची पहिली पानं मी तिथंच बोट ठेवून वाचली. एकात बाई भात वेळत होती नि पेज गाळताना वाफेनं तिचा हात भाजला, ते घेतलं. एक सासवा-सुनांचं होतं नि जाड होतं, ते आईला. एकाच्या मागं लिवनारीचा फोटो होता, ती आमच्या सुईनबाईसारखी दिसत होती, म्हनून घेतलं. चौथं हिरव्या कापडी बांधनीचं, त्याचं नाव आता आठवत नाय. पहिल्याच पानावर एक बाई पानी ओढते आनि तिसऱ्या हंड्याला तिचे तळवे जिथं काचतात, तिथंच माझेपन काचायचे. जिनं लिवलं तिनं कधीतरी दोर ओढलाय, मला वाटलं. शेवटी काय होतं बघायला मी पान उलटायला गेली तर बाईंनी माझ्या हातावर हलकेच चापट दिली. "शेवटचं पान आधी वाचायचं नाही. लिहिणारीनं तुला तिथवर चालत यायला सांगितलंय."

त्यातली पहिली तीन पुस्तकं आमी कशी वाचली ते लिवायला बसली तर वही संपेल. भाकर नि सुकटाची चटनी खाताना त्या पुस्तकातल्या सासवांवर घरच्यासारख्या चर्चा व्हायच्या. काकी मात्र ऐकून घ्यायची. तिची ट्रंक ओसरीवर भिंतीशी ठेवलेली, आनि माझी नजर वाचता वाचता तिच्यावर जायची. आंब्याचे दिवस, ताडगोळ्यांचे दिवस, पन तोंडाला चव नव्हती.

मंग हिरवं पुस्तक काढलं. त्यातल्या बाईचं नाव सिंधू. तिचा नवरा तिला सोडून शहरात गेलेला, आनि ती खोली घेऊन शिवनाचं मशीन चालवते. हे कळलं तेव्हा मी काकीकडं बघितलं. मला काय ठावं, पहिल्या पानावर तर नुसती विहीर होती. पन थांबवनार कोन? रोज थोडं थोडं वाचत गेली. आनि गुरुवारी दुपारी त्या सिंधूला नवऱ्याचं पत्र आलं, की मी चुकलो, तुला न्यायला येतो. मी थांबली.

"थांबलीस का?" काकी बोलली.

"जोडाक्षर हाय."

"मंग फोड नि वाच."

मी चार ओळी वाचल्या नि कावळ्यांचं निमित्त करून उठली. पुस्तकाला चिकट हात लागू नयेत, मुंग्या लागू नयेत म्हनून मी ते रोज सोपात गुंडाळून, दोरीनं बांधून ठेवायची, अगदी पुडक्यासारखं. मापपन तेच. त्या दिवशी तसंच बांधलं आनि ठेवलं. कुठं ठेवलं? रोज ते मांडवाच्या खांबामागं ठेवायची. त्या दिवशी बांधलेल्या पुडक्यांच्या ढिगाशेजारी ठेवलं. मुद्दाम ठेवलं का? नाय. पन पुढचं पान वाचायचं नव्हतं हेपन खरं. साठ वर्षं होत आली, मला त्याचा नीट जबाब देता येत नाय.

शुक्रवारी पहाटे आईनं झुंजुमुंजूला टोपल्या भरल्या नि इनासकाका घेऊन गेला. सकाळी मी खांबामागं बघितलं, ढिगाकडं बघितलं, तर ढीगच नाय. आईला कळलं तेव्हा ती मांडवभर शोधून आली. "बाचं कार्ड गेलं यमे. आता काय दाखवशील बाईंना?" फिलूमावशी कंबरेवर हात ठेवून हसायला लागली, मंग माझं तोंड बघून थांबली. "अगो, मुंबईत कोन तरी सुकेळं समजून चावनार त्याला. मंग आतनं सिंधू बोंबलनार!" कोनी हसलं नाय. काकीनं मला जवळ ओढलं, पदरानं नाक पुसलं आनि कावळ्यांची काठी हातात दिली. काम थांबत नाय.

त्या दुपारी मांडवात पयल्यांदा नुसता सालांचा आवाज. शेवटी मावशीला सोसलं नाय. "पन त्या सिंधूचं काय झालं असंल?" तिनंच सांगायला घेतलं. "तो आला. तिनं चपल काढली नि दोन दिल्या. मंग मिस्साला गेली."

"मावशी, ती हिंदू हाय."

"मंग देवळात जाईल! पन चपल खरी."

आई केळं सोलत होती. ती बोलली, "जाईल ती. जावंच लागतं. शिवनाच्या मशीनवर जन्म जातोय का? गावात कोनाकोनाचं तोंड धरनार?" आईनं हे केळ्याकडं बघून सांगितलं, काकीकडं नाय.

मंग काकी बोलायला लागली. तिच्या एवढ्या बोलन्याची सवय नव्हती, मला आधी कळलंच नाय कोन बोलतंय. "तो येतो," काकी बोलली. "दुपारचा येतो. घामानं भिजलेला असतो. ती त्याला पानी देते, चहा देते. भांडत नाय. भांडायला मानूस जवळचं लागतं. तो बोलतो, चल. ती बोलते, मी येनार नाय. तुमच्या खोलीत माझं काय हाय? हिकडं मी लावलेलं हाय, वाढलेलं हाय. पोरीचं म्हनाल तर पोरीचा काय दोष. तिला हिकडं आनून सोडा. मी वाढवीन. तुमी या, बघा तिला, जेवा नि जा." असं बोलून तिनं हातातलं केळं ताटीवर मांडलं, सरळ ओळीत, आनि दुसरं घेतलं.

सिंधूच्या पुस्तकात पोर नव्हती. मी वाचलं होतं, मला ठावं. आई नि मावशीनं पन ऐकलं होतं. कोनीच कोनाकडं बघितलं नाय.

बुधवारी काका आला. दुपारचाच आला, आनि घामानं भिजलेला होता. तो एवढा सुकलेला की मी ओळखला नाय. ओटीवर बसला. काकीनं पान्याचा तांब्या दिला, चहा दिला आनि उभी राहिली, पदर दोन्ही खांद्यांवरनं घेऊन. "झाली तयारी?" काकानं इचारलं. त्याचं लक्ष ट्रंकेकडं गेलं. काकीनं मांडवात सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. तेवढं सरळ नाय जमलं. मागचं पुढं झालं, "तुमच्या खोलीत माझं काय हाय" हे राहूनच गेलं. पन पोरीचं सांगितलं. काकाचा आवाज चढला. तो आईकडं वळला. "वैनी, हिला कोनी शिकवलं हे? अर्धी वाडी माझ्या नावाची हाय, ध्यानात हाय ना? उद्या दुसऱ्या कोनाला कसायला दिली तर ही कुठं राहील?"

आई दारात उभी होती. माझी आई, जी शुक्रवारी बोलली होती की जावंच लागतं. ती बोलली, "द्या की भावजी. ज्याला द्यायची त्याला द्या. विहीर माझ्या वाट्यात हाय. त्याला सांगा, येताना खाडीचं पानी घेऊन ये केळींना." मंग बोलली, "आनि त्या विहिरीची माती हिनं ओढलीय. जेवून जा. भात टाकलाय."

काका जेवला. सुक्या बोंबलाचं कालवन होतं, दोनदा घेतलं. जाताना ट्रंक उचलायला वाकला नि परत सरळ झाला. मला त्याची तेव्हा कीव आली, कारन त्याच्या हातात न्यायला काय नव्हतं. काकीनं त्याला दोन पुडकी सुकेळी दिली. "पोरीला द्या," बोलली.

पुढच्या आठवड्यात तो पोर घेऊन आला. शोभा तिचं नाव. केसांत उवा, अंगात ताप, नि एका हाताच्या मुठीत सोपाचा तुकडा गच्च धरलेला, चिकट. तो तिनं दोन दिवस सोडला नाय. तिचे कपडे त्या ट्रंकेत गेले. काकीनं ट्रंक उन्हात कशासाठी ठेवली होती ते मी तिला कधी इचारलं नाय. जायला काढली होती, का आधीपासनं हेच ठरवलं होतं, कोन जाने. माझं तेल लावनं त्या दिवसापासनं मागं पडलं, आधी शोभीचं डोकं. मी रुसली नाय असं नाय. पन आठवड्यात ती माझ्याशेजारी काठी घेऊन कावळे हाकायला बसायला लागली, मंग काय. शोभी शिकली, मॅट्रिक झाली, मास्तरीन झाली. दोन वर्षं झाली तिला जाऊन. ही सई तिचीच नात. माझी तरी कोन वेगळी.

आनि पुस्तक? काका पयल्यांदा येऊन गेला त्याच्या दोन दिवसांनी इनासकाका शुक्रवारच्या फेरीवरनं परत आला तो हसतच. दुकानदारानं गिऱ्हाइकासमोर पुडकं सोडलं नि आत कादंबरी. गिऱ्हाईक बोललं, ह्याचं वजन करा. दुकानदार भला, त्यानं पुस्तक परत सोपात बांधून धाडलं. कडेला सुकेळ्यांचा तांबूस डाग पडलेला. जूनमधे ते परत करताना मी बाईंना सगळं खरं सांगितलं. बाईंनी पुस्तक नाकाशी नेलं, डोळे मिटले आनि बोलल्या, "राहू दे. ह्या फळीला वास येऊ दे जरा." मंग कार्डावर शिक्का मारला. पुढं त्या फळीवर पुस्तकं वाढत गेली, दोन फळ्या झाल्या. मी सगळी वाचली. जोडाक्षरं कधी सुटली ते कळलं नाय.

पन त्या शुक्रवारी, पुस्तक हातात आलं तेव्हा, मी ते मांडवात उघडलं नाय. विहिरीच्या मागं जाऊन एकटीनं राहिलेली पानं वाचली. बोट ठेवून, एकेक अक्षर. सिंधू परत गेली. नवरा आला, तिनं मशीन विकलं, खोलीला कुलूप लावलं आनि त्याच्या मागनं चालत गेली. बाईनंच लिवलं होतं, मी नाव परत बघितलं. मला त्या लिवनारीचा एवढा राग आला की पुस्तक विहिरीत टाकावंसं वाटलं. मंग वाटलं, काकीला सांगायचंच नाय. वाचायला बोलली तर सांगीन, पानं फाटलीत.

संध्याकाळी काकी केळी गोळा करत होती, मी ती केळीच्या पानांनी झाकत होती. तिनंच इचारलं, "आलं ना पुस्तक? वाचलंस?"

"हो."

"काय झालं तिचं?"

खोटं तोंडाशी आलेलं. पन काकीपुढं ते निघेना. मी बोलली, "गेली ती, काकी. त्याच्याबरोबर परत गेली."

काकीचे हात थांबले. तिनं वाडीकडं बघितलं. रहाटाखालच्या पाटातनं पानी केळींच्या आळ्यात जात होतं, तेवढाच आवाज. तिला राग आला नाय. सिंधू तिच्या वळखीची बाई असल्यासारखी तिनं जरा वेळ तिचा इचार केला.

"गेली तर गेली," काकी बोलली. "तिच्या वाडीला पानी नसंल."

आनि राहिलेली ओळ गोळा करायला वाकली.